'मे' आणि 'डे'

प्रश्न : बाई, इंग्रज कवी शेलीच्या 'इंग्लंड इन १८१९' या सुनीतात, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेत, आशा आहे, असं माझ्या मुलीनं एम.ए.च्या निबंधात लिहिलं. सरांचा शेरा : 'आशा शेवटच्या दोन ओळींत. बाकी नुसता संताप.' खरं कोणाचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सरांनी ओळी बरोबर मोजल्या, यमकं मोजायची राहिली. मला हसायचा हक्क नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच फळ्यावर आठव्या ओळीखाली खडूची रेघ ओढली होती. आधी आठ, मग सहा, मधे भाव पालटणार, अशी सुनीताची घडी डोक्यात पक्की. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून ती रेघ सहाव्या ओळीखाली नेली. 'किंग, फ्लो, स्प्रिंग, नो, क्लिंग, ब्लो', इथे पहिली दोन यमकं संपतात. शेलीनं घडीच उलटी घातली आहे.

पण भाव तिथेही पालटत नाही. बारा ओळी यादीच चालते : वेडा, आंधळा, मरणाला टेकलेला राजा (तिसरा जॉर्ज), देशाला जळवांसारखे चिकटलेले सत्ताधारी, उपाशी आणि भोसकलेली रयत. यातली रयत मँचेस्टरच्या मैदानातली. १६ ऑगस्ट १८१९ला तिथल्या सभेवर घोडेस्वार घातले होते. या लांबलचक यादीचं मुख्य क्रियापद येतं थेट तेराव्या ओळीच्या तोंडाशी : ही सगळी थडगी 'आहेत'. आपल्याला मराठीत क्रियापदासाठी थांबायची सवय असते, इंग्रजी वाचकाचा तिथे जीव टांगणीला लागतो.

त्या थडग्यांतून एखादं तेजस्वी भूत उसळेल, कदाचित. हा 'कदाचित', म्हणजे 'मे', तेराव्या ओळीच्या अगदी टोकाला लटकतो. चौदावी 'बर्स्ट'नं, म्हणजे उसळण्यानं, फुटते आणि 'डे'वर, म्हणजे दिवसावर, संपते. यमकासाठी 'मे' आणला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे, यमकही त्यानंच निवडलं होतं ना?

आता गंमत बघा. 'मे' आणि 'डे' यांची यमकं आधीच येऊन गेली आहेत : आठव्या ओळीत 'प्रे', म्हणजे भक्ष्य, आणि दहाव्यात 'स्ले', म्हणजे ठार करणं. आशेचा सूर कत्तलीच्या ओळींतच लागला होता. मुलीनं एवढं लिहिलं असतं, तर सरांना शेरा खोडावा लागला असता. मात्र तिच्या 'आशा आहे'मधला 'आहे' मीही काढला असता. शेलीची उडी 'कदाचित'पर्यंतच. सुनीत इटलीहून आपल्या संपादक मित्राला, ली हंटला, धाडताना, तू हे छापशील अशी अपेक्षा नाही, असं त्यानं कळवलंच होतं. छापून आलं १८३९ला. तोवर शेलीला जाऊन सतरा वर्षं झाली होती.