वरचा सूर चिरकतो तेव्हा

‘वरचे सूर निघतच नाहीत, माझ्या अंगातच ते नाही का?’ समुपदेशक म्हणून वाद्य शिकणारी मुलं हे मला वरचेवर विचारतात. शिवाजी पेठेतला एक तरुण सॅक्सोफोनवादक हीच चिंता घेऊन आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

घरची बॅन्डपार्टी, वडील क्लॅरिनेट वाजवणारे. “मॅडम, वरातीत वरची जागा आली की सूर चिरकतोय. अण्णा नुसतं वळून बघत्यात. मग पुढचं सगळंच बिघडतंय.” त्याने खालचा ओठ उलटून दाखवला. आत दातांचे वण उमटले होते.

धागा मला तिथेच सापडला. भीती वाटली की जबडा आवळतो. रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी असलेली पातळ पट्टी, दाबली जाते, तिला थरथरायला जागा उरत नाही, सूर गुदमरतो नाहीतर चिरकतो. त्याने भीती वाढते आणि पोरगं आणखी चावतं.

त्याला हवी असलेली जागा बोटांनी दाबायच्या चाव्यांच्या नेहमीच्या पल्ल्याच्याही वर होती. तिथे कसलेले वादक तोंडाची आणि घशाची पोकळी सुराप्रमाणे जुळवून घेतात, नवख्यांना ते साधत नाही, हे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये मोजून दाखवलं. हे ऐकून तो सावरून बसला. ही पोकळी जुळवणारी जीभ कुणाला दिसत नाही, मग शेजारी उभं राहून ते कसं शिकणार? इतके दिवस तो स्वतःलाच नालायक ठरवत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

वाजवायला शिकवणं माझं काम नव्हे, ते त्याच्या गुरुजींनी केलं. सगळ्या चाव्या बंद ठेवून सर्वांत खालचा सूर धरायचा, तोच षड्ज मानायचा. मग बोटं न हलवता, फक्त आतून जुळवत वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, मग आणखी वरचा षड्ज काढायचा. माझ्याकडे आम्ही श्वास सोडत जबडा सैल करायचा सराव केला. आधी एकट्याने, नंतर कुणीतरी समोर बसलेलं असताना.

शेवटी अण्णांना बोलावलं. ते म्हणाले, “मला वाटायचं रीड खराब हाय, म्हणून बघायचो रे.” पोराला हे कधी विचारायचं धाडसच झालं नव्हतं!

ती जागा अजून दर वेळी लागत नाही. या लगीनसराईत तेवढी ओळ अण्णांनी क्लॅरिनेटवर घ्यायची आणि त्याने खालच्या सप्तकात साथ करायची, असं बापलेकांनी आपसांत ठरवलंय.