पॉव्ह-रेमध्ये पहिला डोंगर उभा करताना

पॉव्ह-रे म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून त्रिमितीय चित्र काढणारा संगणक प्रोग्रॅम. सुरुवातीला एक डोंगर, थोडं पाणी आणि एक सूर्य, एवढंच घ्या. झाडं, ढग नंतर.

डोंगरासाठी हाइट फील्ड, म्हणजे एका चित्रावरून उंचसखल होणारा पृष्ठभाग, वापरा. करड्या छटांच्या चित्रात जितकं उजळ, तितकं उंच. बहुतेक जण इथेच अडकतात: ८ बिटच्या चित्रात उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, म्हणून उतारावर भातखाचरं उमटतात. १६ बिटचं पीएनजी घ्या आणि हाइट फील्डच्या वर्णनात 'स्मूथ' (smooth) हा शब्द लिहा. हाइट फील्ड मुळात १ एकक लांब, रुंद आणि उंच असतं. मोठं करताना उंची रुंदीच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच ठेवा, नाहीतर नुसते सुळके दिसतील. चित्र काळंकुट्ट आलं, तर दिवा राहिलाय किंवा कॅमेरा डोंगराच्या पोटात शिरलाय.

प्रकाशावर मात्र मनापासून वेळ घालवा. सूर्य डोक्यावर नको. बाजूला, खाली उतरलेला हवा, तरच घड्यांमध्ये सावली पडते. संध्याकाळी नरिमन पॉइंटवरून मलबार हिल बघा, कडा कशा फिकट, करड्या होतात. थोडं फॉग, म्हणजे धुकं, घातलं की तोच लांबपणा येतो. त्यावाचून डोंगर खेळण्यातला वाटतो.

- चाचणी ३२० बाय २४० पिक्सेलवर, अँटी-एलियासिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणं) बंद ठेवून.
- एका वेळी एकच आकडा बदला.
- एरिया लाइटला (मऊ सावली देणाऱ्या पसरट दिव्याला) आत्ता हात लावू नका, फार वेळ खातो.

अमूर्त चित्रं करायची असतील तर आरशासारखे तीन गोल पुरेत. प्रतिबिंबांत काळे डाग दिसले, तर मॅक्स ट्रेस लेव्हल (किरणाचा माग किती परावर्तनांपर्यंत घ्यायचा तो आकडा) ५ वरून १० करा.