मुठीने फेकलेला युरिया

प्रश्न : घरापुढे सुमारे ४०० चौरस फुटांचं हरळीचं लॉन आहे. मे महिन्यात ते पिवळट दिसू लागलं म्हणून कृषी सेवा केंद्रातून युरिया आणला, सकाळी मुठीने फेकला आणि पाणी रात्री दिलं. चार दिवसांत जागोजागी गवत करपलं, तर मध्येच काही पट्टे गडद हिरवे झाले. आता पुन्हा युरिया देऊ का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, आत्ता अजिबात देऊ नका. करपलेल्या जागी तीन-चार दिवस भरपूर पाणी सोडा, म्हणजे साठलेलं खत मुळांखाली उतरेल. मग वाकून वाळली पाती बाजूला करा आणि जमिनीलगतची आडवी काडी नखाने खरवडून पाहा. आतून हिरवट-पांढरी आणि ओलसर असेल, तर तिथलं गवत जिवंत आहे. हरळी चिवट असते, कडेने धावत येऊन मोकळी जागा भरून काढते.

चूक युरियाची नाही, मुठीची आहे. मीही पहिल्या वर्षी असाच फेकला होता. जिथे वळायला थांबले, तिथे दोनदा पडला आणि ताटाएवढं गवत जळालं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्याशिवाय खत देत नाही. माझी एक मूठ ४० ग्रॅम भरते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं. घरच्या लॉनला एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया पुरतो. तुमचे ४०० फूट म्हणजे ३७ चौरस मीटर, म्हणून अख्ख्या लॉनला १८५ ग्रॅम. पाच मुठीसुद्धा होत नाहीत!

तेवढा युरिया पाच-सहा पट कोरड्या वाळूत मिसळा. निम्मा उभा चालत पसरा, निम्मा आडवा. पाती कोरडी हवीत. दवात दाणा पात्याला चिकटतो आणि तिथेच डाग पडतो. पसरून झाला की लगेच झारीने किंवा पाइपने पाणी द्या. दिवसभर उघड्यावर राहिला, तर त्यातलं काही नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. तुमचं तेच झालं असणार.

पण त्याआधी पिवळेपणा कुठला ते ओळखा, मला हे खतापेक्षा महत्त्वाचं वाटतं. नत्र कमी पडलं की खालची जुनी पाती आधी पिवळी होतात, कारण गवत त्यांच्यातलं नत्र काढून नव्या पात्यांना देतं. वरची कोवळी पाती पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर कमतरता लोहाची आहे. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी दिसतं. तिथे युरियाचा उपयोग नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा, तांबडा डाग जात नाही.

पुढचा हप्ता नवे कोंब दिसल्यावर, पाऊस उघडलेला दिवस बघून द्या. मग ऑक्टोबरपर्यंत दीड-दीड महिन्याने. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा खत बंद ठेवा. आणि कापलेलं गवत बारीक असेल तर ते कचऱ्यात टाकू नका, लॉनवरच राहू द्या. त्यातलं नत्र कुजून परत मुळांनाच मिळतं.