लूकचा बारावा अध्याय आणि मँचेस्टरचा बर्फ

मँचेस्टरला राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. कुटुंब मूळचे नाशिकचे, शरणपूर रोडच्या परिसरातले. सासरे प्रभूकडे गेल्यावर घराच्या वाटणीवरून त्यांच्या यजमानांचे थोरल्या भावाशी, म्हणजे घरात ज्यांना सगळे दादा म्हणतात त्यांच्याशी, बिनसले आणि गेली तीन वर्षे दोघांत बोलणे नाही. मागच्या हिवाळ्यात यजमानांनी मन घट्ट करून तिकीट काढले, तर ऐन निघायच्या दिवशी बर्फामुळे विमान रद्द झाले. तेव्हापासून ते म्हणतात की आपण जावे अशी प्रभूचीच इच्छा दिसत नाही. त्यात संडे स्कूलला जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीने आईला विचारले आहे की देव चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच पाऊस पाडतो, म्हणजे तो चांगल्यांनाही शिक्षा करतो का?

भगिनी, आपल्याला सलाम. आधी मुलीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण आपल्या यजमानांची अडचणही मला त्याच जातीची वाटते.

मुलीचे काही चुकलेले नाही. जिथे वर्षभर आभाळ भुरभुरते आणि पावसाने शाळेची सहल बुडते, तिथल्या मुलाने पाऊस म्हणजे संकट असे धरून चालणे साहजिक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू हे पावसाचे वचन बोलतो ते मात्र पावसाची वाट पाहणाऱ्या लोकांशी. तिला नाशिक जिल्ह्यातला जून महिना सांगावा: त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर ढग रिते होतात आणि तिकडे सिन्नर-येवल्याचा शेतकरी पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसतो. असा पाऊस एकदाचा आला की तो सज्जनाच्या वावरात पडतो आणि दरवर्षी शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याच्या वावरातही तितकाच पडतो. बांधावर येऊन तो थबकत नाही. वचनाचा रोख औदार्याकडे आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत वैऱ्यांवर प्रीती करा असे सांगितले आहे, हेही तिला दाखवावे.

जाता जाता एक गंमत. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस असे शब्द येतात. शास्त्रातल्या इस्राएल देशात पहिला पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास नांगरणीला येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये पीक भरताना येतो; आपल्याकडे उन्हाळ्यातला वळीव आधी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीची आगोट नंतर. भाषांतरकारांनी ऋतूंचा क्रम उलटा पडला तरी आपले शब्द सोडले नाहीत, आणि मला ते फार योग्य वाटते. आपणही घरी मुलीशी या वचनांवर मराठीतच बोलावे. इंग्रजीत ऐकलेला पाऊस तिला मँचेस्टरचाच वाटणार.

आता यजमानांचा बर्फ. इस्राएल लोकांना अरण्यात मेघाने वाट दाखवली हे खरे आहे. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तो मेघ दोन दिवस थांबला तर लोक दोन दिवस थांबत आणि महिनाभर थांबला तर महिनाभर. पण त्या मेघाने कोणालाही भावाशी अबोला धरायला सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोरून प्रचंड वारा गेला, भूकंप झाला, अग्नी आला, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता. त्यानंतर मंद वाणी ऐकू आली. हिवाळ्यात इंग्लंडच्या विमानतळावर बर्फ पडणे ही हवामानाची गोष्ट आहे. त्या दिवशी त्याच विमानाने लग्नाला, परीक्षेला आणि आजारी आईला भेटायला निघालेली माणसेही अडकली असतील, आणि त्यांनी बहुधा दुसऱ्या दिवशीचे तिकीट काढले असेल.

यजमानांना माझी विनंती आहे की त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय एका बैठकीत वाचावा. आपण तो उपासनेत तुकड्यातुकड्यांनी ऐकतो, त्यामुळे त्याची वीण ध्यानात येत नाही. तेराव्या वचनात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. म्हणजे प्रकरण आपल्याच घरातले. चौपन्नाव्या वचनात हवामान येते: पश्चिमेकडे ढग दिसला की पाऊस येणार म्हणता आणि तो येतो, दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार म्हणता आणि तो होतो, मग आताचा काळ तुम्हाला का ओळखता येत नाही? (पश्चिमेचा ढग त्यांच्याकडे भूमध्य समुद्रावरून येतो आणि आपल्याकडे अरबी समुद्रावरून, म्हणून हे उदाहरण नाशिककराला समजावून सांगावे लागत नाही.) आणि लगेच अठ्ठावन्नाव्या वचनात सांगितले आहे की वादी तुम्हाला अधिकाऱ्याकडे नेत असेल तर वाटेतच त्याच्याशी मिटवून घेण्याचा प्रयत्न करा. ज्या अध्यायात आभाळ वाचण्याची गोष्ट आहे, त्याच अध्यायात भावाचे वतन आणि वाटेतली तडजोड आहे, हे ज्याला दिसले त्याने आणखी खूण मागू नये.

तेराव्या वचनातल्या त्या माणसाला वाटणी करून देण्याचे काम प्रभूने अंगावर घेतले नाही, तेव्हा मीही आपल्या घराच्या वाटणीत शिरत नाही. फक्त एक सांगतो: क्षमा करणे म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करणे नव्हे. द्राक्षबागेवर गारपीट झाली की शेतकरी पंचनामा करून घेतो. गारा पडल्याच नाहीत असे तो म्हणत नाही आणि जन्मभर त्या तडकलेल्या मण्यांपाशी बसूनही राहत नाही, तो पुढच्या छाटणीला लागतो. हा दृष्टान्त एका ठिकाणी लंगडा पडतो हे मी जाणतो, कारण दादा म्हणजे आभाळ नव्हेत, त्यांनी जे केले ते जाणून केले असेल. त्याचा हिशेब वकिलाच्या मदतीने शांतपणे व्हावा; बोलणे त्याच्यासाठी अडवून ठेवू नये.

घाईही करू नये. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आपल्या मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. मध्ये कितीतरी ऋतू गेले.

इफिसकरांस पत्रात म्हटले आहे की तुमच्या रागावर सूर्य मावळू नये. परदेशातील कुटुंबाने विचारावे, कुठला सूर्य? डिसेंबरात नाशिकला दिवस सहाच्या सुमारास मावळतो तेव्हा मँचेस्टरला दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. रविवारी आपण उपासनेहून घरी येता तीच ही वेळ, आणि इकडे दादाही चहा घेऊन निवांत बसलेले असतात. तेव्हाच फोन लावावा. पहिल्या फोनवर घराचा विषय काढू नये, नाताळला येण्याचेही बोलू नये. पहिले वाक्य सुचत नसेल तर निफाडला पारा कितीवर उतरला एवढेच यजमानांनी विचारावे. नाशिकच्या माणसाला थंडीबद्दल विचारले आणि तो गप्प राहिला, असे मी तरी अजून पाहिलेले नाही.