रेल्वेच्या जुन्या जाहिरातींचे चित्रकार ती ठिकाणे स्वतः पाहून येत असत का?

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे कंपन्यांसाठी पर्यटनाची भित्तिपत्रके काढणारे चित्रकार त्या त्या गावी जाऊन येत, की घरबसल्या काम उरकत, असे आपण विचारले आहे. दोन्ही तऱ्हा होत्या. नॉर्मन विल्किन्सन यांनी १९०५ साली लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी आयर्लंडच्या जलमार्गाचे भित्तिपत्रक केले, तेव्हा समुद्र आणि जहाजे हा त्यांचा हातखंडा विषय होता. परंतु इंग्लंडमधले बहुधा सर्वात गाजलेले भित्तिपत्रक ज्यांनी काढले, त्या जॉन हॅसल यांनी ते गाव तोवर पाहिलेही नव्हते.

ते गाव म्हणजे लिंकनशायरच्या किनाऱ्यावरचे स्केगनेस. तेथे १८७३ मध्ये रेल्वे आली आणि १९०८ च्या गुड फ्रायडेला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून जाऊन-येऊन ३ शिलिंगांत तेथली सहल ठेवली. तिच्या जाहिरातीसाठी हॅसल यांना १२ गिनी, म्हणजे १२ पौंड १२ शिलिंग, मिळाले.

या चित्राची एक छापील प्रत माझ्या कामाच्या टेबलासमोर लावलेली आहे आणि तीत स्केगनेस शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही. धक्का नाही, हॉटेल नाही, ओळखीची एकही इमारत नाही. ओलसर वाळूवर, गुडघ्यांच्या वर येणारे बूट घातलेला, तोंडात पाइप धरलेला एक लठ्ठ म्हातारा कोळी दोन्ही हात पसरून, एक पाय हवेत टाकून उड्या मारत चालला आहे, एवढेच. एरवी समुद्रावर जन्म काढलेला कोळी वाऱ्याने हरखून नाचू लागेल हे कोणाला खरे वाटावे, पण त्याचे वजन आणि त्याची उडी यांच्यातली विसंगती इतकी गोड आहे की आपण ती शंका काढतच नाही. हॅसल यांचे शिक्षण अँटवर्प आणि पॅरिस येथे झाले होते, आणि डेव्हिड ॲलन या मुद्रणसंस्थेसाठी त्यांनी पुष्कळ काम केले होते. त्यामुळे शिळाछापावर काय उठून दिसते याची त्यांना पक्की जाण होती. जाड काळी रेघ, सपाट रंग आणि भोवती मोकळी जागा, म्हणजे फलाटावरून घाईने जाणाऱ्याच्या नजरेतही चित्र भरते.

त्याखालचे वाक्य मला चित्राइतकेच चतुर वाटते: ‘स्केगनेस इज सो ब्रेसिंग’. ‘ब्रेसिंग’ म्हणजे अंगात तरतरी आणणारी हवा. वस्तुतः उत्तर समुद्रावरून तेथे येणारा वारा चांगलाच झोंबरा असतो, आणि गुड फ्रायडेच्या सुमारास तर तो अंगावर काटाच आणत असणार. गैरसोय लपवण्याऐवजी तिचेच औषध करून विकायचे, हा त्यातला डाव होता. ज्या काळी डॉक्टर हवापालट सुचवत, त्या काळी तो सहज पटण्यासारखाही होता. म्हणूनच चित्रकाराला गाव पाहण्याची गरज पडली नाही असे माझे मत आहे, कारण विकायचा होता तो वारा, आणि वारा दाखवायला एक उडी पुरते.

हॅसल स्केगनेसला प्रथम गेले ते १९३६ साली, म्हणजे चित्रानंतर २८ वर्षांनी. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. गावाने त्यांचा सत्कार करून त्यांना तेथल्या किनाऱ्यावर मुक्त वावराचा मानाचा हक्क बहाल केला.