पुण्याजवळ एका मुक्कामाचा नॉर्डिक स्पा : आधी गार पाण्याची चौकशी करा

विचारणा अशी आहे: नवरा-बायको दोघं पन्नाशीतले, नवऱ्याला बीपीची एक गोळी चालू, राहायला कोथरूडला. कॅनडात मुलीकडे गेले असताना नॉर्डिक स्पा अनुभवला, तो फार आवडला. तसं काही पुण्याहून दोन तासांच्या आत, एका मुक्कामापुरतं मिळेल का?

मिळेल, पण आयतं नाही. जुळवून घ्यावं लागेल, आणि ते जमतं.

तिकडे ज्याला नॉर्डिक स्पा म्हणतात त्याचा गाभा म्हणजे फिनलंडचा सॉना, म्हणजे तापलेल्या दगडांच्या शेगडीची लाकडी खोली, त्याला लागून गार पाण्याचा हौद आणि नंतर गप्प पडून राहायची जागा. मालिश, फेशियल, गुलाबपाकळ्या हा सगळा वरचा साज. फिनलंडमध्ये साधारण ५५ लाख लोकसंख्येमागे ३३ लाख सॉना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथे सॉना चैनीत मोडत नाही, आपल्या जुन्या घरांतल्या न्हाणीइतकी ती घरगुती गोष्ट आहे. तापायचं, गार व्हायचं, पडून राहायचं, आणि हेच पुन्हा दोन-तीनदा. यातलं तापणं पुण्याच्या आसपास सहज मिळतं. गार पाणी क्वचित मिळतं. शांतता मात्र पैसे मोजूनही मिळेलच असं नाही. म्हणून जागा निवडताना उलट्या टोकाने सुरुवात करा.

आधी शांतता. कोथरूडहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशीचा परिसर सगळ्यात सोयीचा. चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये धरणाच्या काठाला पोचता. पवना-लोणावळा दुसरा पर्याय. पाचगणी शंभर किलोमीटर आणि दोन घाट, एका रात्रीसाठी तेवढं ड्रायव्हिंग करून मिळवलेला आराम परतीच्या वाटेवर संपतो. जागा कुठलीही असो, शनिवारी जाऊ नका. शनिवार-रविवारी या पट्ट्यात ऑफिसच्या सहली, रेन डान्स आणि डीजे असतात, आणि तलावाकाठी आवाज पाण्यावरून लांबवर येतो. रविवारी दुपारी जाऊन सोमवारी परतणं उत्तम. तुम्ही जाताना गर्दी उलट दिशेने पुण्याकडे येत असते. फोनवर नुसतं 'शांत आहे ना?' विचारलं तर 'हो' असंच उत्तर येणार. त्याऐवजी 'त्या तारखेला लॉनवर कार्यक्रम आहे का, आणि आमच्या खोलीपासून लॉन किती लांब?' असं विचारा. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरात विवाह मुहूर्त बघा. मुहूर्ताच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी हळदीला बुकिंग कराल तर आरामाच्या नावाने बँड ऐकाल. पितृपंधरवड्यातले मधले वार या कामासाठी फार चांगले: लग्नं नाहीत, पावसाचा जोर ओसरलेला, डोंगर हिरवे.

आता सॉना. रिसेप्शनकडून उत्तर घेऊ नका, फोन स्पा विभागाला जोडून मागा. आपल्याकडे 'सॉना-स्टीम' हा एकच शब्द असल्यासारखा वापरतात, पण दोन्ही वेगळे आहेत. सॉनात लाकडी खोली, दगडांची शेगडी, ८० ते ९० अंश सेल्सिअस आणि हवा कोरडी. स्टीममध्ये फरशीची खोली, ४० ते ५० अंश आणि हवा वाफेने भरलेली. घाम उडून जाऊ शकतो म्हणून नव्वद अंशांत दहा मिनिटं बसता येतं. स्टीममध्ये तो उडत नाही, म्हणून पंचेचाळीसच जास्त वाटतात. तिसरा प्रकार इन्फ्रारेड केबिनचा. तिथे ४५ ते ६० अंश असतात, दगड नसतात, आणि तुम्हाला कॅनडात जे आवडलं त्यातलं फारसं काही तिथे नसतं. पंचकर्मातली स्वेदनाची पेटी तर आणखी वेगळी, त्यात डोकं बाहेरच असतं. तेव्हा प्रश्न थेट विचारा: शेगडीत दगड आहेत का, आणि त्यावर पाणी टाकू देता का?

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. तापलेल्या दगडांवर ओगराळंभर, म्हणजे शंभर-दीडशे मिली पाणी टाकलं की वाफ उठते, ती अंगावर येऊन जमते आणि जमताना उष्णता सोडते. फिनिश लोक तिला 'लॉयली' म्हणतात आणि त्यांच्या मते सॉना म्हणजे तीच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'पाणी टाकू नये' अशी पाटी असते, कारण कुणीतरी कधीतरी बादली ओतलेली असते आणि हीटरची कॉइल उडालेली असते. परवानगी असेल तर थोडं थोडं, दगडांच्या मध्यावर, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने टाका. पाणी पिण्याचं वापरा. बोअरच्या जड पाण्याने दगडांवर पांढरा थर चढतो. निलगिरीचं तेल दगडांवर थेट कधीच नाही, ते पेटू शकतं. बादलीभर पाण्यात चार-पाच थेंब पुरतात.

आणखी एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. सॉनाचा हीटर सहा ते नऊ किलोवॅटचा असतो, म्हणून तो दिवसभर चालू ठेवत नाहीत. तुम्ही पोचल्यावर बटण दाबलं तर खोली तापायला पाऊण तास लागतो, आणि तोपर्यंत तुमची तासाभराची वेळ संपत येते. वेळ ठरवताना 'आत शिरताना ८० अंश हवेत' असं आधीच सांगून ठेवा. लाइट गेली तर सॉना जनरेटरवर चालतो का, हेही विचारा; पुष्कळ ठिकाणी जनरेटरवर दिवे, पंखे आणि किचन एवढंच असतं. पावसाळ्यात मुळशीकडे हा प्रश्न अगदी खरा आहे. आत गेल्यावर थर्मामीटर कुठे टांगलाय ते बघा. छताजवळ ९० दाखवत असेल तर खालच्या बाकावर बरंच कमी असतं. पहिली फेरी खालच्या बाकावर, जमलं तर दुसरी वर.

जकुझी, म्हणजे गरम पाण्याचा बुडबुड्यांचा हौद, असेल तर ती या चक्रातली जादा पायरी समजा, सॉनाला पर्याय नव्हे. पाणी ३८ ते ४० अंश असावं, त्यावर नको. उतरण्यापूर्वी वास घ्या आणि कडेच्या फरशीवर बोट फिरवा. डोळ्यांना झोंबणारा 'क्लोरीनचा वास' स्वच्छतेचा पुरावा नसतो. घाम आणि क्लोरीन मिळून तयार झालेली संयुगं तो देतात, म्हणजे पाणी बदलायला किंवा क्लोरीन वाढवायला झालंय. फरशी बुळबुळीत लागली, किंवा बुडबुडे बंद केल्यावरही फेस राहिला, तर उतरू नका. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून जकुझीत ते किमान ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत ३ भाग) लागतं. ते कमी पडलं की दोन-तीन दिवसांनी पाठीवर, मांड्यांवर पुरळ उठतं आणि दोष जेवणाला दिला जातो.

आता खरी अडचण, गार पाणी. थंड हौद १० ते १५ अंशांचा हवा. त्याला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र लागतं, आणि ते फार थोड्या ठिकाणी असतं. 'स्विमिंग पूल आहे ना' हे उत्तर चालवून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये उघड्या पुलाचं पाणी तिशीच्या घरात असतं, गच्चीवरच्या टाकीचं त्याहून वर. डिसेंबर-जानेवारीतली पहाट तेवढी अपवाद, तेव्हा मुळशीतल्या उघड्या टाकीतलं पाणी बिनबर्फाचंच अंगावर काटा आणतं.

हौद नसेल तर बर्फ. हिशेब सोपा आहे: २० लिटरच्या बादलीतलं २५ अंशाचं पाणी १५ अंशावर आणायला साधारण २ किलो बर्फ लागतो. उन्हाळ्यात पाणी ३० अंश असेल तर ३ किलो. माणशी एका फेरीला एक बादली धरली तर दोघांच्या दोन फेऱ्यांना ८ ते १२ किलो. रिसॉर्टच्या किचनकडे एवढा बर्फ आयत्या वेळी नसतो. एक दिवस आधी सांगा, नाहीतर पुण्यातूनच थर्माकोलच्या खोक्यात नीट झाकून न्या. दीड-दोन तासांत फारसा वितळत नाही. बर्फ फोडून बादलीत टाका, पाच मिनिटं ढवळा. सॉनात शिरतानाच बादली भरून ठेवली तर बाहेर येईपर्यंत ती तयार असते. हा कारखान्यातला लादीचा बर्फ फक्त अंगावर घ्यायचा, सरबतात नाही.

बादली आणि तांब्या ही सोय हौदापेक्षा हलकी समजू नका. तुमच्या बाबतीत तर तीच योग्य. गार पाण्यात एकदम बुडी मारली की पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झटक्याने वर जातो. बीपी असलेल्याने बुडी टाळावी. तांब्याने आधी पावलं, मग गुडघे, मग हात, खांदे आणि शेवटी पाठ; श्वास सोडत सोडत. डोक्यावर नको. वीस-तीस सेकंदांत संपवा. सॉनातून उठताना नेमकं उलट होतं: रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, दाब उतरतो आणि भोवळ येते. म्हणून शेवटचं मिनिटभर पाय खाली सोडून बसा आणि भिंतीला धरून उठा. गोळी लघवी वाढवणारी असेल तर घामाबरोबर पाणी आणखी कमी होतं. डॉक्टरांना 'स्पाला जाऊ का' असं विचारलंत तर ते मालिश समजून 'जा की' म्हणतील. '८० अंशांत दहा मिनिटं आणि लगेच गार पाणी, ही गोळी चालू असताना चालेल का' असं विचारा. छातीत दुखण्याचा त्रास असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाची झडप आकुंचलेली असेल, तर हा बेतच नको.

सॉनाने आयुष्य वाढतं असं सांगणारे संदेश फिरतात. त्यांच्या मुळाशी बहुतेकदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला फिनलंडचा अभ्यास असतो: पूर्व फिनलंडमधले २,३१५ मध्यमवयीन पुरुष, वीसेक वर्षं पाहिलेले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे अचानक मृत्यू कमी आढळले. आठवड्यातून चार ते सात वेळा! एका रात्रीच्या मुक्कामाशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला मिळेल ती गाढ झोप, आणि तेवढ्यासाठी जाणं काही कमी नाही.

प्रत्यक्ष दिवस असा आखा. दुपारचं जेवण घरीच, हलकं, एकच्या आत. तीनपर्यंत खोली ताब्यात. सॉना पाचला, त्याआधी तासाभरात अर्धा लिटर पाणी पोटात. आधी साबणाने अंघोळ आणि अंग कोरडं पुसणं, कारण ओल्या अंगाला घाम उशिरा सुटतो. पहिली फेरी आठ मिनिटं, पुढच्या दहा-बारा. सॉनातलं वाळूचं घड्याळ पंधरा मिनिटांचं असतं म्हणून ते संपवायलाच हवं असं नाही. तोंड कोरडं पडलं, कानशिलं धडधडली किंवा मळमळलं, तर त्या क्षणी बाहेर. मग गार पाणी, मग किमान पंधरा मिनिटं आडवं पडणं. लोक नेमकी हीच पायरी गाळतात: फोन बघतात, चहा मागवतात, पुन्हा आत धावतात, आणि तिसऱ्या फेरीला डोकं धरून बसतात. तुम्ही दोनच फेऱ्या करा. मधे लिंबू सरबत किंवा मीठ घातलेलं ताक, घोट घोट. बिअर सगळं झाल्यावरसुद्धा तासाभराने, आणि खरं तर त्या रात्री नकोच.

मालिश घ्यायचं असेल तर शेवटी. दिवाळीच्या अभ्यंगामुळे आपल्याला आधी तेल, मग ऊन पाणी ही सवय. इथे उलटं: तेलकट अंगाने सॉनात बसलात तर बाकं खराब होतात, आणि जकुझीत उतरलात तर फिल्टर तुंबतो.

बरोबर जाड टॉवेलऐवजी प्रत्येकी तीन-चार पंचे घ्या. एक बसायला, एक पाठीमागे, एक पुसायला. लवकर वाळतात आणि लाकूड चटका देत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, धातूच्या काडीचा चष्मा हे सगळं खोलीतच राहू द्या, नव्वद अंशांत धातू भाजतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. पोहण्याचा नायलॉनचा पोशाख आत नकोसा होतो. सैल सुती कपडे चालतात का ते आधी विचारा, काही ठिकाणी अडवतात. रबरी तळाच्या चपला हव्यात, तिथल्या ओल्या फरशीवर हॉटेलच्या कापडी सपाता सरकतात.

सॉना साडेसहाच्या सुमारास संपतो. आठला जेवण: पिठलं-भाकरी, भात-आमटी, असं काहीतरी. तापलेलं अंग हळूहळू निवत जातं, तशी झोप येते. एसी २४-२५ वर ठेवा, अठरावर नको. सकाळी हवं तर एकच छोटी फेरी, सातला, रिकाम्या पोटी नाही: अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि पाणी. बीपीची गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच. फेरीनंतर नाश्ता करून तासभर तरी जाऊ द्या, मगच स्टीअरिंग हातात घ्या, कारण अंग सैल असताना ताम्हिणीकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे गाडी चालवायला लागणारी सावधता नसते. खोली अकराला सोडायची असते, तेव्हा हे सगळं आरामात बसतं.

एवढा खटाटोप नको असेल तर खोपोलीमार्गे पालीजवळचं उन्हेरे आहे, निसर्गाच्या गरम पाण्याचं कुंड. गंधकाचा वास सहन होत असेल तर पहाटे, कुंडात गर्दी व्हायच्या आत जा. गार पाण्याची बादली मात्र तिथेही तुमची तुम्हालाच भरावी लागेल.