‘विरहिणी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जपानी चित्रकार किटागावा उतामारोच्या ‘मोनो ओमोउ कोइ’ या लाकडी ठशाच्या चित्राखाली मराठी ओळ द्यायची आहे. ‘पतीची वाट पाहणारी विरहिणी’ चालेल का?

मला ही ओळ पटत नाही. चित्र 1793-94 च्या सुमाराचं, एडोतलं, म्हणजे आजच्या तोक्योतलं. मागे गुलाबी अभ्रकाची चमक, पुढे छातीपर्यंत दिसणारी एक बाई. हात गालाला टेकलेला, डोळे अगदी बारीक झालेले. भुवया भादरून टाकलेल्या आहेत. त्या काळच्या एडोत ही विवाहितेची खूण, बहुधा मूल झाल्यानंतरची. त्यामुळे ‘पती’ सुचणं साहजिक आहे. पण ती कोणासाठी झुरते आहे, हे उतामारोने कुठेच सांगितलेलं नाही. पत्र नाही, दिवा नाही, डोळ्यांत पाणी नाही.

नावही तसंच आहे. ‘कोइ’ म्हणजे प्रेम. ‘ओमोउ’ म्हणजे विचार करणं, पण जुन्या जपानी कवितेत त्यातच ओढ आणि प्रेमही येतं. आणि ‘मोनो’ म्हणजे नुसतं ‘काहीतरी’! मनात जे आहे त्याचं नाव घ्यायचं नाही, यातच या शब्दाची सगळी नजाकत आहे. शिवाय ही पाच चित्रांची मालिका दरबारी काव्यसंग्रहांतल्या ‘प्रेम’ विभागाचं नाव लावून आली होती. इ. स. 905 च्या सुमाराच्या ‘कोकिनश्यू’ या दरबारी संग्रहात 20 पैकी पाच खंड प्रेमाचे आहेत, म्हणजे एडोच्या रसिकाला ते नाव वाचताच कविता आठवत असणार.

‘विरहिणी’ म्हटलं की मराठी कानाला विराणी ऐकू येते: कोण दुरावलाय हे ठरलेलं, आणि व्याकूळता उघड बोललेली. या बाईचा चेहरा इतकं बोलत नाही. ‘तळमळ’ फार अंगावर येते, ‘विमनस्क’ पुस्तकी आहे, ‘उदास’मध्ये ओढच नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, ‘हुरहूर’. ‘जिवाला कसली तरी हुरहूर लागलीय’ असं आपण सहज म्हणतो. तो ‘कसली तरी’ म्हणजे थेट ‘मोनो’!

मी असं लिहीन: ‘प्रेमातली हुरहूर’. ‘पती’ मात्र गाळाच.